ज्यांच्यावर प्रबंध लिहिलात, त्यांच्यासमोर तो एकदा मांडा

प्रति,
सोलापूर जिल्ह्यात पत्रकारिता, जनसंज्ञापन आणि माध्यम अभ्यास या विषयांत पीएच.डी. करणारे संशोधक, त्यांचे मार्गदर्शक आणि संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणे नंतर. तुमचा प्रबंध बाइंडिंगला जाण्यापूर्वी, त्यातली चार पाने बदलणे अजून तुमच्या हातात असताना, तो ज्या माणसांवर लिहिला आहे त्यांच्यासमोर एकदा मांडा. सोलापुरातच मांडा आणि त्यांना कळेल अशा भाषेत मांडा. परिषदांमधले पेपरवाचन चालू राहू द्या. सल्लागार समितीसमोरचे सादरीकरण तर नियमानेच करावे लागते. त्यांच्या जोडीला ही एक बैठक हवी. माझ्या पाहण्यात ती कुठे होत नाही.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बहुतेक नोकरी रात्रपाळीत, डेस्कवर गेली. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही तुमच्यापैकी अनेकांच्या प्रश्नावल्या मी भरून दिल्या आहेत. पूर्वी झेरॉक्सचे गठ्ठे यायचे, आता पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक येते. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच गोल असतात, त्यातला एक निवडायचा. मी ते मनापासून भरले, कारण आपल्या कामाकडे कोणी अभ्यासाच्या नजरेने पाहते आहे याचे मला अप्रूप वाटायचे. पुढे त्यातून काय निघाले ते सांगायला मात्र कोणी आले नाही. माझ्याबरोबरच्या वार्ताहरांना, छायाचित्रकारांना, पेपर टाकणाऱ्यांना विचारले, तर त्यांचेही तेच. माहिती घेऊन जाणारा येतो, घेऊन गेलेल्या माहितीचे काय झाले ते सांगणारा येत नाही.

प्रबंध शोधगंगेवर जातो हे मला ठाऊक आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे प्रबंधांचे ते ऑनलाइन भांडार कोणालाही फुकट उघडता येते आणि ही सोय फार मोलाची आहे. पण पहाटे स्टँडबाहेर बसून पुरवण्या भरणाऱ्या पेपर-विक्रेत्याने तीनशे पानांची पीडीएफ उतरवून त्यात आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते शोधावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. त्याच्यापर्यंत जाण्याचे काम तुमचेच आहे.

काही दिवसांपूर्वी एका महाविद्यालयातल्या परिषदेला श्रोता म्हणून गेलो होतो. उद्घाटन, सत्कार आणि बीजभाषण यांत सकाळ गेली. संशोधक विद्यार्थ्यांचे पेपरवाचन जेवणानंतर सुरू झाले, प्रत्येकाला मोजून आठ मिनिटे. एक मुलगी उभी राहिली. विषय होता विडी कामगार महिला आणि मोबाइल. पडद्यावर इंग्रजीत उद्दिष्टे, मग गृहीतके, मग नमुना निवड, मग मर्यादा. ती अडखळत वाचत होती, कारण बोलायची भाषा एक आणि पडद्यावरची दुसरी. ‘मॅडम, निष्कर्षावर या,’ असे अध्यक्ष म्हणाले, तेवढ्यात बेल वाजली. तिने शेवटच्या तीन ओळी वाचल्या, टाळ्या झाल्या, पुढचे नाव पुकारले गेले.

नंतर चहाच्या टेबलाशी मी तिला विचारले, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलेत? तिने पिशवीतून डायरी काढली. कुंभारीच्या विडी घरकुलातले, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतले, एक घर. ओट्यावर चौघी जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मोबाइल डब्याला टेकवून उभा केलेला, त्यावर तेलुगू व्हिडिओ चाललेला. दोन्ही हात पानात आणि तंबाखूत गुंतलेले, त्यामुळे स्क्रीनला कोणी हात लावत नाही. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि तो जो काही असेल तो चौघी ऐकतात. बदलायचाच असेल तर शाळेतून आलेल्या मुलाला हाक मारतात. तोही स्वतःला हवे ते लावून पळतो.

मी ती डायरी हातात घेऊन पुन्हा वाचली. काय पाहायचे हे कोण ठरवते, हा माध्यम अभ्यासातला जुना आणि मोठा प्रश्न. त्याचे या ओट्यावरचे उत्तर त्या पानावर होते: मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर असल्यामुळे मोकळा न होणारा हात, पुढचा व्हिडिओ आपणच निवडणारा फोन आणि सातवीतला मुलगा. हे पडद्यावर का नाही आणले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘ही निरीक्षणे आहेत सर, डेटा नाही म्हणाले.’ मला हे पटलेले नाही आणि पटणारही नाही. त्या सभागृहात त्या चौघींपैकी एकजण जरी बसलेली असती, तरी तिने तिथल्या तिथे सांगितले असते की सकाळी मुलगा शाळेत असतो तेव्हा काय होते, कारखान्यात माल देण्याच्या दिवशी फोन कोणाकडे असतो आणि नवरा घरी असला की काय बदलते. प्रबंधातले एक प्रकरण दहा मिनिटांत दुप्पट खोल झाले असते.

म्हणून ही बैठक म्हणजे कामगारांवर केलेले उपकार, असे कृपा करून समजू नका. तिचा पहिला फायदा तुमच्या संशोधनाला आहे.

आणखी एक उदाहरण. वाचनसवयींवरच्या फॉर्ममध्ये हमखास असणारा प्रश्न: ‘आपण कोणते मराठी दैनिक वाचता?’ खाली पाच-सहा नावे आणि शेवटी ‘वाचत नाही’. आता अक्कलकोटकडचा एखादा म्हातारा विजयपूर-कलबुर्गीकडून येणारे कन्नड दैनिक अक्षर न् अक्षर वाचतो. त्याच्या नातवाने त्याच्या वतीने फॉर्म भरताना ‘वाचत नाही’वर टिचकी मारली, की झाला तो तुमच्या तक्त्यात वृत्तपत्र न वाचणारा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांचे तेच, उर्दू वाचणाऱ्या घरांचे तेच. सोलापुरात एका गल्लीत चार भाषा बोलल्या जातात आणि आपल्या प्रश्नावलीत भाषेचा रकाना नसतो! पुण्यात किंवा दिल्लीत बेतलेली प्रश्नावली इथे तशीच उतरवली की असे होते. निष्कर्ष लोकांसमोर वाचून दाखवले असते, तर ही चूक पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उभे राहून दाखवली असती. प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकांना ती दिसत नाही, कारण ते बहुधा बाहेरगावचे असतात.

आणि विक्रेत्याची वही. ती तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का? प्रत्येक लाइनच्या, म्हणजे पेपर टाकायच्या ठरलेल्या फेरीच्या, विक्रेत्याकडे असते. घराचे नाव, कोणता पेपर, आणि कधी बंद झाला तर समोर कारण: गावाला गेले, मुलगा पुण्याला घेऊन गेला, आजोबा वारले, मोबाइलवर वाचतो म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांनी पेपर घेणे थांबवले. त्यातली कोणती परत सुरू झाली आणि कोणती कायमची गेली, हे त्या वहीत नावानिशी लिहिलेले आहे. वृत्तपत्राचा वाचक का घटतो यावर आपण सिद्धान्त शोधत बसतो, आणि एका माणसाने रोज पहाटे फिरून जमवलेली नोंद कोपऱ्यावर पडलेली असते. तुम्ही त्याच्यासमोर निष्कर्ष मांडाल तेव्हा तो वही काढेल. फॉर्म भरताना तो ती काढत नाही, कारण फॉर्म त्याला वहीबद्दल विचारत नाही.

‘आमचा नमुना फार लहान आहे, एका गावापुरता आहे, लोकांसमोर काय मांडायचे’, असे एका संशोधकाने मला म्हटले होते. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो. ज्या अभ्यासांची नावे तुम्ही दुसऱ्या प्रकरणात आदराने घेता, ते बहुतेक गावापुरतेच होते. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा १९५० मधला द्वारपालाचा, म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची ते ठरवणाऱ्याचा, अभ्यास एका अमेरिकी छोट्या शहरातल्या एका दैनिकाच्या एका तार-संपादकावर, तारेने आलेल्या बातम्या निवडणाऱ्यावर, होता. त्या माणसाने एक आठवडाभर नाकारलेल्या तारा जपून ठेवल्या आणि प्रत्येकीवर ती का नाकारली ते लिहिले. एक माणूस, एक आठवडा. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावात, मत अजून पक्के न झालेल्या १०० मतदारांना गाठले. १९७२ साली त्यावर लेख छापून आला आणि अजेंडा-सेटिंग, म्हणजे लोकांनी कोणत्या विषयांना महत्त्व द्यायचे ते माध्यमे ठरवतात, हा शब्द जगभर पोचला. त्यांनी ‘आमचे गाव लहान’ म्हणून मान खाली घातली नाही. जवळून आणि नीट पाहिले, एवढेच.

मग सोलापूरला का कमी लेखायचे? व्हाइट यांचा तार-संपादक बातम्या निवडायचा, पण त्याच्यावर जाहिराती आणण्याची जबाबदारी नव्हती. आपला तालुका वार्ताहर बातमी पाठवतो, बहुतेक ठिकाणी अंकाची एजन्सीही त्याच्याकडे किंवा त्याच्या घरात असते, आणि दिवाळी, पंधरा ऑगस्ट, वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस यांच्या जाहिराती गोळा करणेही त्याच्याच गळ्यात. मानधन नावाला, खरी कमाई कमिशनची. ज्या साखर कारखान्याची पानभर जाहिरात आणायची, त्याच कारखान्याने उसाचे बिल थकवल्याची बातमी त्यानेच द्यायची. डेस्कवर माझ्यापर्यंत यायची ती फक्त त्याने पाठवलेली बातमी. त्याने न पाठवलेली मला दिसणार कशी? त्यामुळे आपल्याकडचा द्वारपाल डेस्कवर बसत नाही. तो मंगळवेढ्यात, करमाळ्यात, सांगोल्यात दुचाकीवर फिरतो आणि त्याच्या खिशात बातमीची वही व जाहिरातीचे पावतीपुस्तक दोन्ही असतात. यावर नीट काम झाले तर बाहेरच्या पाठ्यपुस्तकांना त्याची दखल घ्यावी लागेल, अशी माझी खात्री आहे. आपले विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी म्हणून स्थापन झाले. सगळे कार्यक्षेत्र एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात. माध्यमांच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली सोय काय हवी?

इथे मात्र एक अडचण आहे. ती गंभीर आहे, तिच्यावर मी बराच विचार केला आहे आणि मार्गदर्शकांनीही करावा अशी विनंती आहे. वार्ताहराने कमिशनबद्दल तुम्हाला विश्वासाने सांगितले. तुम्ही प्रबंधात त्याचे नाव गाळले आणि लिहिले, ‘अमुक तालुक्यातील एका प्रमुख दैनिकाचा वार्ताहर’. तालुक्यात त्या दैनिकाचा वार्ताहर एकच असतो! भर सभेत हे वाक्य वाचले की मागच्या रांगेतून कोणीतरी त्याचे नाव घेणार आणि दुसऱ्या दिवशी ते मालकाच्या कानावर जाणार. मोठ्या शहरात नाव गाळले की माणूस झाकला जातो. आपल्याकडे हुद्दा, गाव किंवा आडनावाचे पहिले अक्षरसुद्धा पुरते. म्हणून जाहीर मांडणीच्या आधी, ज्याचे म्हणणे त्याला एकट्याला वाचून दाखवा. ‘हे असे मांडले तर चालेल का, तुम्ही ओळखू याल का’, असे स्पष्ट विचारा. तो नको म्हणाला तर ते वाक्य काढा किंवा तीन-चार तालुक्यांचे मिळून एकत्र लिहा. संमतीपत्रावर सही घेतली म्हणून हे काम उरकत नाही. सही पहिल्या भेटीत घेतलेली असते आणि त्या वेळी आपले कोणते वाक्य छापले जाणार हे त्याला माहीत नसते.

विडी घरकुलातही हीच काळजी घ्यावी लागेल. कोणाच्या घरी फोनवर काय पाहतात हे शेजारणीसमोर वाचायचे नसते.

तुमच्यापैकी काही मार्गदर्शक म्हणतील की संशोधनाची पारख तज्ज्ञांनी करायची असते, ती लोकांच्या हात वर करण्यावर ठरत नाही. बरोबर आहे. वार्ताहरांना निष्कर्ष आवडला नाही म्हणून तो बदलू नये, उलट आपल्यावरची टीका ऐकून घेण्याची सवय आम्हा पत्रकारांनाही लागली पाहिजे. त्या बैठकीत कोणी आक्षेप घेतला तर तो लिहून घ्या, पटला तर दुरुस्ती करा, नाही पटला तर आक्षेप आणि तुमचे उत्तर दोन्ही प्रबंधात छापा. निर्णय तुमचाच राहील. माझे म्हणणे इतकेच की तज्ज्ञाला संशोधनाची पद्धत तपासता येते, पण कुंभारीच्या ओट्यावर खरोखर काय घडते हे तपासता येत नाही.

या गोष्टीला आपल्याच मराठी मुलुखात जुना आधार आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या प्रसारणांत यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि पॉल न्यूराथ यांनी तो मांडला. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी तुलना त्यात होती. चर्चा करणाऱ्या मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी जास्त मुरली, असे त्यातून दिसले. ऐकून उठून जाणे आणि ऐकून त्यावर बोलणे यांतला फरक मराठी शेतकऱ्यांनी जगाला दाखवून दिला. हा प्रयोग संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात एका ओळीत उरकला जातो. त्यावर अख्खा तास घ्यायला हवा, अगदी गावकऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांसकट.

त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेला साइट, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा, प्रयोग. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली आणि त्यात आपल्या सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. अभ्यासक तिथल्या गावांत राहिले होते. ज्यांनी लहानपणी शाळेच्या आवारात तो संच पाहिला ती माणसे आज साठीच्या आसपास आहेत, आणि अक्कलकोटच्या पलीकडे एसटीने दोन तासांवर आहेत. हा विषय कोणी घेणार असेल तर आता घ्यावा, दहा वर्षांनी उशीर झालेला असेल.

नियमांबद्दल थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंध देण्यापूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि परिषदांत दोन सादरीकरणे करणे सक्तीचे होते. त्या सक्तीतून प्रमाणपत्रापुरत्या परिषदा कशा फोफावल्या ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. विद्यापीठाने आपल्या पातळीवर काही ठेवले असेल ते वेगळे. सहामाही प्रगती सल्लागार समितीसमोर मांडणे कायम आहे, आणि अखेरची मौखिकी (व्हायवा) खुली असते. सक्ती गेल्यामुळे वाचलेला वेळ आणि नोंदणी शुल्काचे पैसे या बैठकीकडे वळवता येतील. खुल्या मौखिकीला मी जाऊन बसलो आहे. तिथे संशोधकाचे आई-वडील येतात, त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून आनंद होतो. पण तोवर प्रबंध छापून, बांधून, अहवाल येऊन झालेले असतात. त्या दिवशी विक्रेता उठून ‘हे असे नाही हो’ म्हणाला तरी त्याचा उपयोग शून्य. म्हणून सहामाही आढाव्यांपैकी शेवटच्या एकाला ही बैठक जोडावी आणि तिचे टिपण समितीच्या कागदपत्रांत लावावे, अशी सल्लागार समित्यांना माझी विनंती आहे. यासाठी नवा नियम लागत नाही.

बैठक कशी घ्यायची याबद्दल डेस्कवरच्या अनुभवातून काही सांगतो. वेळ सकाळी दहाची ठेवा. विक्रेत्यांची लाइन तोवर संपलेली असते आणि ते दुपारी झोपायच्या आधी मोकळे असतात. डेस्कवरची माणसे तर संध्याकाळशिवाय कामाला बसत नाहीत. संध्याकाळी सहाला ठेवलीत तर या दोघांपैकी कोणीही येणार नाही, फक्त आमच्यासारखे निवृत्त येतील. विडी कामगार महिलांना सभागृहात बोलावू नका. त्यांचा दिवसाचा हजाराचा हिशेब बुडतो. तुम्हीच घरकुलात जा, ओट्यावर बसा, त्या वळत राहतील आणि ऐकत राहतील. सोबत तेलुगू जाणणारा कोणी न्या. सोलापुरात त्यासाठी दुभाषा शोधावा लागत नाही, तुमच्याच वर्गात दोघे-चौघे असतील. पडदा नको, प्रोजेक्टर नको. वीस मिनिटे बोला आणि तासभर ऐका. हार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय यांतले काहीही ठेवू नका, अध्यक्षही नको. आणि पहिला प्रश्न प्राध्यापकांनी विचारायचा नाही, एवढे पथ्य पाळा, कारण प्राध्यापक बोलू लागले की बाकीचे गप्प बसतात.

दैनिकांच्या मालक-संपादकांनाही याच पत्रातून सांगतो. तुमच्या माणसांना तिथे जाऊ द्या, बोलू द्या. ते काय बोलले याची चौकशी करू नका. आपण रोज इतरांना प्रश्न विचारून जगतो.

तारखांबद्दल माझी एक सूचना आहे. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली त्या दिवशी निघाले म्हणून, आपण पत्रकार दिन करतो. १२ जानेवारीला सोलापूर आपल्या चार हुतात्म्यांचे स्मरण करते. मे १९३० मध्ये या शहराने इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारली, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही त्या मार्शल लॉमध्ये शिक्षा झाली. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्यातला एक पुतळा संपादकाचा आहे, हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला तरी पहिल्या वर्षात कळायला हवे. त्या काळातली सोलापूरची पत्रे कोण काढत होते, गिरणीच्या चाळींत ती मोठ्याने वाचली जात होती का, वाचता न येणाऱ्यांपर्यंत मार्शल लॉच्या दिवसांत बातमी कशी पोचत होती, यावर कोणी तीन-चार वर्षे देऊन काम करावे अशी माझी फार जुनी इच्छा आहे. जुने अंक ग्रंथालयांत आणि घरांच्या माळ्यांवर आहेत, हात लावला की कागद तुटतो. आधी त्यांचे फोटो काढून घेतले पाहिजेत, प्रबंध मागाहून.

तर ६ ते १२ जानेवारी हा आठवडा. सिद्धेश्वर यात्रेची गर्दी सुरू होण्याआधी शहर या दिवसांत तसेही जागे असते. सहा तारखेचे सत्कार होऊ द्या, आणि सात ते अकरा या दिवसांत दररोज सकाळी एका संशोधकाने आपले काम मांडावे. एक दिवस सार्वजनिक वाचनालयाच्या छोट्या दालनात, एक दिवस कुंभारीला, एक अक्कलकोटला, एक पंढरपूरला, जिथे वारीच्या बातम्या आणि रील्स यांवर काम करणाऱ्याने पुजाऱ्यांपासून फुलवाल्यांपर्यंत सगळ्यांचे ऐकावे, आणि एक दिवस विद्यापीठात, जिथे विक्रेते आणि वार्ताहर पाहुणे म्हणून येतील. पहिल्या वर्षी पाच संशोधक तयार झाले नाहीत तर दोघांनी करावे. एकाने केले तरी मी येऊन बसेन.

कुंभारीची डायरी जिच्याकडे आहे, तिने हे पत्र वाचले तर तिला वेगळे सांगतो: बाई, ती पाने परिशिष्टात ढकलू नका. तुमच्या मार्गदर्शकांशी बोला, हवे तर हे पत्र त्यांना दाखवा. ‘डेटा नाही’ असे ते पुन्हा म्हणाले तर त्यांना सोबत घेऊन एक दुपार त्या ओट्यावर बसा.

स्टँडवरच्या आणि स्टेशनवरच्या विक्रेत्यांना निरोप देणे, त्यांना दहा वाजता आणून बसवणे, तालुक्यांच्या वार्ताहरांशी बोलणे, हे काम मी अंगावर घेतो. माझी कात्रणांची खोकी आणि जुन्या आवृत्त्यांचे डमी (पानांचे कच्चे आराखडे) ज्याला पाहायचे असतील त्याने यावे, चार दिवस ठेवून घेतले तरी चालेल. जानेवारीसाठी दिवाळीपूर्वी ठरायला हवे. विभागांनी तारखा आणि संशोधकांची नावे तोवर कळवावीत, म्हणजे विक्रेत्यांना सुट्टीच्या पाळ्या लावायला वेळ मिळेल.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
सोलापूर